छत बुटकं, पडदा मोठा: पहिला होम थिएटर प्रोजेक्टर निवडताना

प्रोजेक्टर घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी ल्युमेन (उजेडाचं माप) बघतात, मग फोर-के आहे का ते बघतात, आणि पैसे भरून झाल्यावर ‘आता हा टांगायचा कुठे?’ या प्रश्नाशी येतात. छत दहा-अकरा फुटांवर असेल तर हा उलटा क्रम खपून जातो. साडेसात-आठ फुटांवर असेल तर अंगाशी येतो. अशा खोलीत चित्र किती मोठं होणार हे भिंतीच्या रुंदीवर नाही, उंचीवर ठरतं. आणि त्या उंचीतले किती इंच हातचे जाणार हे ज्या आकड्यावर ठरतं, तो खोक्यावर ठळक अक्षरांत सहसा छापलेला नसतो. त्या आकड्याला ऑफसेट म्हणतात. या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे. ल्युमेन आणि फोर-केचा नंबर मागून लागतो.

पायरी १: टेप घ्या आणि खोली मोजा

जमिनीपासून छतापर्यंतची उंची दोन ठिकाणी मोजा: पडदा येणार त्या भिंतीपाशी आणि प्रोजेक्टर येणार तिथे. मध्ये बीम असेल किंवा फॉल्स सिलिंग उतरवलेलं असेल तर दोन्हीकडे एकच आकडा येत नाही. मग पडद्याच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर घ्या. छतावरून जे काही लटकतंय, म्हणजे पंखा, दिवे, ते किती खाली येतं तेही लिहून ठेवा. शेवटी तुम्ही नेहमीच्या जागी नेहमीसारखे बसा, म्हणजे जरा घसरून, आणि दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मोजायला सांगा. साध्या सोफ्यावर ती ४० इंचांच्या आसपास येते. खाली गादीवर बसत असाल तर बरीच कमी.

सगळं इंचांत लिहा. पडद्याचं माप इंचांत सांगितलं जातं आणि इथे भांडण दोन-चार इंचांचंच असतं. फुटांत हिशोब केला की तेच इंच नजरेतून सुटतात. पुढच्या सगळ्या उदाहरणांत छत ९० इंचांवर, म्हणजे साडेसात फुटांवर धरलं आहे. तुमचा आकडा घालून तीच बेरीज-वजाबाकी करा.

पायरी २: कर्ण विसरा, उंची बघा

‘१०० इंची पडदा’ म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. त्याचा तुम्हाला थेट उपयोग नाही. नेहमीच्या १६:९ चित्रात कर्णाला ०.८७ ने गुणलं की रुंदी मिळते आणि ०.४९ ने गुणलं की उंची. म्हणजे ८० इंची चित्र ७० इंच रुंद आणि ३९ इंच उंच असतं. १०० इंची ८७ बाय ४९. १२० इंची १०५ बाय ५९.

आता कुणीही म्हणेल, ९० इंचांच्या भिंतीवर ५९ इंचांचं चित्र बसतंय की! बसतं, पण कसं ते बघा. वरचे दहा-अकरा इंच प्रोजेक्टर टांगण्यात आणि ऑफसेटमध्ये जातात (कसे, ते पुढच्या पायरीत). खालून किमान दोन-अडीच फूट मोकळे हवेत, कारण तिथे मधला स्पीकर येतो, कपाट येतं, आणि दोन रांगा असतील तर पुढच्यांची डोकी येतात. सबटायटल नेमकी तळाशीच असतात, त्यामुळे डोक्याआड जातो तो बरोबर वाचायचा भाग. ९० मधून ११ आणि २८ गेले की हातात ५१ इंच उरतात. म्हणून साडेसात फुटी खोलीत १०० इंची चित्र आरामात बसतं, ११० ला ओढाताण सुरू होते आणि १२० ला चित्राचा तळ सोफ्याच्या बैठकीइतका खाली येतो. एकच रांग असेल आणि मध्ये काही नसेल तर तेही चालवून घेता येतं, पण ते माहीत असून चालवून घ्यावं.

बसायचं अंतर यातूनच निघतं. चित्रपट बघताना पडद्याने डोळ्यांसमोरचे साधारण ३० ते ४० अंश व्यापावेत असा प्रघात आहे. सोप्या हिशोबात, कर्णाच्या सुमारे १.२ पट ते १.६ पट अंतरावर बसायचं. १०० इंची चित्रासाठी हे दहा ते साडेतेरा फूट होतात. तुमचा सोफा आठ फुटांवर अडकला असेल तर ८० इंची चित्रही तुम्हाला भरगच्च वाटेल, आणि छताची निम्मी कटकट तिथेच मिटेल.

कागदावरचा आकडा पटत नसेल तर मास्किंग टेपने भिंतीवर चित्राची चौकट आखा आणि दोन-तीन संध्याकाळी तशीच राहू द्या. तिच्यासमोर बसून जेवा, गप्पा मारा. मान वर करावी लागतेय का, खालची पट्टी कशाआड जातेय का, हे त्या टेपवरून जितकं कळतं तितकं कुठल्याही रिव्ह्यूमधून कळत नाही.

पायरी ३: ऑफसेट, म्हणजे खरा प्रश्न

प्रोजेक्टर टेबलावर ठेवून सरळ समोर रोखला तर बऱ्याचशा घरगुती मॉडेलांत चित्राचा मध्य लेन्सच्या समोर येत नाही. चित्र लेन्सच्या पातळीपासून थोडं वर सुरू होतं आणि आणखी वर जातं. हे मुद्दाम केलेलं असतं, म्हणजे टेबलावरून टाकलेलं चित्र टेबलावरच पडू नये. हाच प्रोजेक्टर उलटा करून छताला टांगला की सगळं उलटं होतं: चित्र लेन्सच्या थोडं खाली सुरू होतं आणि आणखी खाली उतरतं. हे ‘थोडं’ म्हणजे ऑफसेट.

समजा, ऑफसेट चित्राच्या उंचीच्या १० टक्के आहे. १०० इंची चित्राची उंची ४९ इंच, म्हणजे ऑफसेट ५ इंच. छताला चिकटून बसणाऱ्या आखूड ब्रॅकेटवर लेन्स छतापासून साधारण ६ इंच खाली येते, म्हणजे जमिनीपासून ८४ इंचांवर. चित्राची वरची कड ८४ वजा ५, म्हणजे ७९ इंचांवर. खालची कड ७९ वजा ४९, म्हणजे ३० इंचांवर. झकास. आता हाच ऑफसेट १६ टक्के धरा: ५ इंचांचे ८ होतात आणि चित्र आणखी ३ इंच खाली सरकतं. उंच छताच्या खोलीत कुणी या तीन इंचांकडे ढुंकूनही बघणार नाही. तुमच्याकडे ते स्पीकरच्या डोक्यावरचे तीन इंच आहेत. त्यात ब्रॅकेट लांब दांडीचं घेतलंत तर आणखी सहा इंच गेले. म्हणून बुटक्या छताला दांडी नको, बसकं ब्रॅकेट हवं.

दुसरी तऱ्हा याच्या उलट. काही प्रोजेक्टरांत, विशेषतः छोट्या, हाताने उचलून नेण्याजोग्या एलईडी मॉडेलांत, लेन्सचा मध्य म्हणजेच चित्राचा मध्य असतो. असा प्रोजेक्टर ८४ इंचांवर सरळ टांगला तर चित्राचा अर्धा भाग, साडेचोवीस इंच, लेन्सच्या वर जाणार. म्हणजे वरची कड १०८ इंचांवर, छताच्या दीड फूट पलीकडे! मग प्रोजेक्टर खाली झुकवावा लागतो, झुकवला की चौकोनाचा समलंब होतो, आणि तो सरळ करायला कीस्टोन लावावा लागतो.

कीस्टोनबद्दल जाहिराती फार प्रेमाने बोलतात. ‘कुठेही ठेवा, चित्र आपोआप सरळ.’ चित्र सरळ दिसतं हे खरं, पण प्रोजेक्टर ते सरळ करतो पिक्सेल टाकून देऊन: चित्र तयार करणाऱ्या चिपचा काही भाग काळा ठेवून उरलेल्या भागात चित्र कोंबलं जातं. बारकावा जातो, उजेड जातो, आणि ज्यांची काळी पातळी सुमार आहे अशा प्रोजेक्टरांत चित्राच्या बाहेर राखाडी उजेडाची तिरकी झालर दिसत राहते. गेम खेळणाऱ्यांना काही मॉडेलांत वर उशीरही सहन करावा लागतो. किंचित दुरुस्तीला हरकत नाही. पण संपूर्ण बसवणीच कीस्टोनच्या भरवशावर करायची असेल तर मी म्हणेन, ते मॉडेल सोडा.

या सगळ्यावर खरा इलाज म्हणजे लेन्स शिफ्ट. यात प्रोजेक्टर जागचा हलत नाही, आतली लेन्स वर-खाली सरकते आणि चित्र तिच्याबरोबर सरकतं. पिक्सेल एकही जात नाही. ‘उभी लेन्स शिफ्ट ±६० टक्के’ असं लिहिलेलं असेल तर चित्र मध्यापासून आपल्या उंचीच्या ६० टक्के वर किंवा खाली नेता येतं. लेन्स चित्राच्या वरच्या कडेला आणायला ५० टक्के पुरतात. उरलेल्या १० टक्क्यांत ती कडेच्या आणखी वर राहू शकते. म्हणजे वरच्या उदाहरणातला १० टक्के ऑफसेट यात आलाच, शिवाय कमी-जास्त करायची मुभा. बुटक्या छतासाठी एकाच सोयीवर जादा पैसे खर्च करायचे असतील तर ते या सोयीवर करा, फोर-केच्या आधी. फक्त उभी शिफ्ट आहे याची खात्री करा. आडवी शिफ्ट छताच्या प्रश्नात कामाची नाही, आणि डिजिटल शिफ्ट नावाचा प्रकार बहुधा कीस्टोनचाच भाऊ असतो.

कंपन्या ऑफसेट एकाच पद्धतीने लिहीत नाहीत. कुणी ११० टक्के लिहितं, कुणी १० टक्के, कुणी थेट इंचांचा तक्ता देतं. म्हणून टक्क्यांवर विसंबू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं मॅन्युअल मिळतं. त्यात पडद्याचा आकार, अंतर आणि लेन्सपासून चित्राच्या कडेपर्यंतची उंची असा तक्ता असतो. आपल्या मापाची ओळ शोधा आणि टेपच्या चौकटीशी ताडून बघा.

पायरी ४: ठेवायचा कुठे?

ऑफसेटच्या जोडीला थ्रो रेशो लागतो. प्रोजेक्टर ते पडदा हे अंतर भागिले चित्राची रुंदी. रेशो १.५ असेल तर ८७ इंच रुंद चित्रासाठी १३० इंच, म्हणजे जवळपास अकरा फूट लागतात. शॉर्ट थ्रो म्हणजे ०.५ च्या आसपास: साडेतीन-चार फूट. अल्ट्रा शॉर्ट थ्रो म्हणजे ०.२५ च्या आसपास: दोन फुटांहूनही कमी. झूम असेल तर रेशो दोन आकड्यांत लिहिलेला असतो, आणि त्या दोन अंतरांच्या मध्ये कुठेही प्रोजेक्टर ठेवता येतो.

छताला टांगणं हे सगळ्यांच्या मनातलं चित्र असतं, पण बुटक्या खोलीत तोच एक मार्ग नाही. सोफ्यासमोरचं किंवा दोन सोफ्यांमधलं ठेंगणं टेबल हा दिसायला ओबडधोबड पण गणिताने उत्तम मार्ग आहे. टेबल आणि प्रोजेक्टर मिळून लेन्स २२ इंचांवर आली, त्यात ५ इंच ऑफसेट मिळवला, की चित्र २७ इंचांवरून सुरू होऊन ७६ वर संपतं. छत शिल्लक! पायात येणाऱ्या वायरी आणि झोतातून ये-जा करणारी माणसं ही त्याची किंमत. भाड्याच्या घरात, किंवा प्रोजेक्टरची सवय लागेल की नाही याचीच खात्री नसताना, मी इथूनच सुरुवात करायला सांगेन.

मागच्या भिंतीवर फळी मारून प्रोजेक्टर ठेवायचा विचार करणारे एक गोष्ट विसरतात. ठरावीक ऑफसेटचा प्रोजेक्टर फळीवर सुलटा ठेवला तर चित्र फळीच्याही वर सुरू होणार. तो उलटाच बसवावा लागतो, किंवा लेन्स शिफ्ट लागते. शिवाय मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर त्या मॉडेलच्या थ्रोमध्ये बसतंय का तेही बघावं लागतं.

अल्ट्रा शॉर्ट थ्रो बुटक्या छतासाठीच जन्माला आलाय असं वाटतं. भिंतीला लागून कपाटावर बसतो, छताचा संबंध नाही, सावली नाही. पण त्याचंही उंचीचं गणित असतं आणि ते उलट दिशेने चावतं. चित्र प्रोजेक्टरच्या बरंच वर सुरू होतं. समजा, कपाट १८ इंचांचं आहे आणि त्याच्या पृष्ठभागापासून चित्राच्या तळापर्यंत १४ इंच लागतात. चित्र ३२ वर सुरू होऊन १०० इंची असेल तर ८१ वर संपेल. छान. १२० इंची करायला गेलात तर मधलं अंतर वाढून समजा १७ झालं: १८, १७ आणि ५९ मिळून ९४. चित्र छतावर! त्यामुळे असा प्रोजेक्टर घेतानाही तोच तक्ता बघायचा, आणि कपाट शक्य तितकं ठेंगणं घ्यायचं. दुसरी अट पडद्याची आहे. झोत इतक्या तिरक्या कोनातून येतो की कापडावरची बारीकशी लाटही चित्रात ठळक दिसते, म्हणून त्याला ताणलेला कडक पडदाच लागतो. तो खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

पायरी ५: सुतळीची परीक्षा

लेन्स जिथे येणार नेमकं त्या उंचीवर सुतळीचं एक टोक कुणाला तरी धरायला सांगा. दुसरं टोक भिंतीवरच्या चौकटीच्या तळाशी, मधोमध. सुतळी ताठ करा. ही तुमच्या झोताची खालची कड.

आता तिच्याखालून चाला. वरच्या उदाहरणात लेन्स ८४ वर आणि चित्राचा तळ ३० वर आहे, अंतर १३० इंच. पावणेसहा फुटी माणूस प्रोजेक्टरपासून साधारण तीन फूट पुढे गेला की त्याचं डोकं सुतळीला लागतं. त्यापुढे तो उभा असेल तोवर पडद्यावर त्याची सावली. बसलेल्या माणसाचं डोकं ४८ इंचांवर धरलं तर तो पडद्यापासून साडेतीन-चार फुटांवर येईपर्यंत झोतात येत नाही. म्हणजे बसलेल्यांना त्रास नाही, पण स्वयंपाकघराची वाट मधूनच जात असेल तर दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी पडद्यावर अवतरणार. सोफा हलवायचा की वाट, हे छताला भोक पाडण्याआधी ठरवा.

पंख्यासाठी सुतळी वरच्या कोपऱ्यांकडेही ताणा, एकदा डाव्या, एकदा उजव्या. झोताचा आकार आडवा पसरणाऱ्या पिरॅमिडसारखा असतो, त्यामुळे मधोमध मोकळं दिसलं तरी कडेला पातं लागू शकतं. फिरतं पातं झोतात आलं की चित्र लुकलुकतं आणि डोकं उठतं. पंखा मधोमध असेल आणि प्रोजेक्टर त्याच्या मागे, तर छताला चिकटवलेल्या लेन्सपुढे तो हमखास आडवा येतो. अशा वेळी प्रोजेक्टर पंख्याच्या पुढे आणणारा लहान थ्रो, किंवा टेबल, किंवा कपाट. पंखा काढून टाकू, हा उपाय पहिल्या उन्हाळ्यापुरताच सोपा वाटतो.

पायरी ६: उजेड, आणि डोक्यावरचं पांढरं छत

चित्रपटगृहात डिजिटल पडद्यावरची पांढरी पातळी १४ फूट-लँबर्ट, म्हणजे ४८ निट्स असते. साध्या पांढऱ्या पडद्यासाठी ल्युमेन भागिले पडद्याचं चौरस फुटांतलं क्षेत्रफळ केलं की फूट-लँबर्ट मिळतात. १०० इंची पडदा साडेएकोणतीस चौरस फुटांच्या आसपास भरतो, म्हणजे पूर्ण अंधारात चित्रपटगृहाइतक्या उजेडाला सव्वाचारशेच्या आतबाहेर ल्युमेन पुरतात. दुकानातले आकडे बघून आलेल्याला हे खोटं वाटेल. पण खोक्यावरचा आकडा प्रोजेक्टरच्या सर्वांत भगभगीत मोडमधला असतो, ज्यात चेहरे अनेकदा हिरवट दिसतात. रंग नीट दिसणाऱ्या मोडमध्ये तिसरा हिस्सा ते निम्मा उजेड सहज जातो. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर दिव्याच्या सांगितलेल्या आयुष्याच्या शेवटी उजेड साधारण निम्म्यावर आलेला असतो. हे सगळं वजा करून अंधाऱ्या खोलीसाठी खरे १५०० ते २००० ल्युमेन भरपूर झाले. दिवे चालू ठेवून सामने बघायचे असतील तर ३००० च्या पुढे जा.

‘खरे’ म्हणजे एएनएसआय किंवा आयएसओ पद्धतीने मोजलेले. नुसतंच ‘९००० ल्युमेन’ लिहिलेलं असेल आणि कुठल्या पद्धतीने ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा नाहीच असं समजून पुढे चला. डायनॅमिक कॉन्ट्रास्टच्या लाखांतल्या आकड्यांचंही तेच.

बुटक्या खोलीतला खरा घोळ मात्र वेगळाच असतो. चित्राची वरची कड छतापासून जेमतेम अकरा इंचांवर आहे. पडद्यावरचा उजेड पांढऱ्या छताला लागतो आणि तिथून परत पडद्यावर येतो. काळं राखाडी होतं, रंग धुतल्यासारखे दिसतात. महागडा प्रोजेक्टर आणून हे सुटत नाही, उलट जास्त उजेड म्हणजे जास्त परतावा. पडद्यापासून पुढे तीन-चार फुटांपर्यंतचं छत गडद, मॅट रंगाने रंगवा. चकाकणारा रंग नको. काळी मखमल लावलीत तर त्याहून उत्तम. बाजूच्या भिंती पडद्याला लागून असतील तर त्यांनाही तेच. ‘छत आणखी खाली आल्यासारखं वाटेल’ अशी तक्रार घरातून येणार; ती खरीही आहे, पण दिवे मालवल्यावर ते छत कुणालाच दिसत नाही. रंगाचा एक डबा आणि एक दुपार, एवढ्यात चित्रात जो फरक पडतो तेवढा फरक एक मॉडेल वरचं घेऊनही पडेलच असं नाही.

पायरी ७: आतलं तंत्र, थोडक्यात

सिंगल-चिप डीएलपी: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप, आटोपशीर आकार, धारदार चित्र, पण अनेक मॉडेलांत ऑफसेट ठरावीक आणि लेन्स शिफ्ट नाही किंवा अगदी थोडी. रंग एकामागून एक पडत असल्याने काहींना नजर हलवताना इंद्रधनुष्यासारखी झळक दिसते. घरात कुणाला दिसतेय का ते घेण्याआधी बघा. काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं बघताना नजर पटापट इकडून तिकडे न्यायची. थ्री-एलसीडी: यात ही झळक नाही, आणि होम थिएटर मॉडेलांत उभी लेन्स शिफ्ट बऱ्याचदा मिळते, पण अंगाने थोराड. एलकॉस, म्हणजे सोनी आणि जेव्हीसीचे होम थिएटर प्रोजेक्टर: काळं सर्वांत छान, शिफ्ट भरपूर, पहिल्याच खरेदीला खिसा आणि छत दोन्ही तपासून.

रिझोल्यूशनमध्ये ‘फोर-के सपोर्ट’ या शब्दांवर जाऊ नका. त्याचा अर्थ फोर-के सिग्नल घेतो एवढाच. दाखवतो किती, ते ‘नेटिव्ह’ या शब्दापुढे असतं. बऱ्याच परवडणाऱ्या फोर-के प्रोजेक्टरांत १९२०×१०८० ची चिप फार झपाट्याने सरकवून जास्त पिक्सेल दाखवले जातात. हे चांगलं काम करतं, त्यात फसवणूक नाही. फसवणूक असते ती नेटिव्ह ७२० किंवा त्याहून कमी असलेल्यावर फोर-केचं लेबल लावण्यात. १०० इंची चित्र दहा-बारा फुटांवरून बघणाऱ्याला चांगला १०८०पी वाईट फोर-केपेक्षा सुखाचा.

दिव्याचं आयुष्य काही हजार तासांचं, लेझर आणि एलईडीचं वीस हजारांच्या घरात सांगितलं जातं. रोज दोन-तीन तास बघणाऱ्याला दिवा बदलायची वेळ येते, आणि बुटक्या छताशी चिकटवलेल्या प्रोजेक्टरचं झाकण वरून उघडत असेल तर त्यासाठी सगळा डोलारा उतरवावा लागतो. झाकण कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघा.

पायरी ८: पडदा

गुंडाळता येणारा पडदा घेणार असाल तर चित्राच्या वर किती काळं कापड येतं ते विचारा. उंच छतासाठी ते मुद्दाम फूटभर किंवा जास्त ठेवलेलं असतं. त्यात नळीचे चार-पाच इंच धरले की तुमच्या चित्राची वरची कड हिशोबापेक्षा खाली येते. कमी काळ्या कापडाचा घ्या, किंवा सरळ पक्क्या चौकटीचा. मॅट पांढरा, गेन (पडदा किती उजेड परत फेकतो त्याचं माप) १.०, पुरे. छतावरचा उजेड टाळणारे एएलआर पडदे येतात, पण अल्ट्रा शॉर्ट थ्रोचे वेगळे आणि लांबून टाकणाऱ्यांचे वेगळे. अदलाबदल केली तर पडदा तुमचाच झोत टाळेल.

मुख्यतः चित्रपटच बघणाऱ्यांनी २.३५:१ च्या रुंद पडद्याचा विचार जरूर करावा. ८७ इंच रुंद असून तो जेमतेम ३७ इंच उंच असतो, म्हणजे बारा इंच वाचले. मालिका आणि सामने त्यात लहान दिसतात, हे आधीच घरात सांगून ठेवा.

पायरी ९: आवाज, वारा, वायर

प्रोजेक्टर आठ फुटी छताला असेल तर तो तुमच्या कानापासून तीन-चार फुटांवरच असतो. इकॉनॉमी मोडमध्ये २५ ते ३० डेसिबल सुसह्य. ३५ च्या पुढे शांत प्रसंगात घरघर ऐकू येते. शक्य असेल तर तो डोक्याच्या बरोबर वर न टांगता जरा पुढे किंवा मागे टांगा. गरम हवा कुठल्या बाजूने बाहेर पडते ते बघा आणि त्या बाजूला फूटभर मोकळं ठेवा. छत आणि भिंत यांच्या कोपऱ्यात कोंबलेला प्रोजेक्टर तापतो, पंखा जोरात फिरवतो आणि आणखी आवाज करतो.

साधी एचडीएमआय केबल पाच मीटरच्या पुढे फोर-केला दगा देऊ शकते. लांब ओढायची असेल तर ऑप्टिकल घ्या आणि कुठलं टोक कुठे ते वाचून लावा, कारण ती एकाच दिशेने चालते. स्पीकर वेगळे घ्या. प्रोजेक्टरमधल्या स्पीकरचा आवाज डोक्यावरून येतो आणि माणसं पडद्यावर बोलत असतात, हे फार काळ सहन होत नाही.

पायरी १०: घरी आल्यावर

लगेच ड्रिल काढू नका. उंच स्टूल किंवा शिडीवर, लेन्स ठरलेल्या उंचीवर येईल असा प्रोजेक्टर उलटा टेकवा, खाली उशी देऊ नका, जाळ्या मोकळ्या ठेवा. त्याच्या मेनूत छतावरून टाकण्याचा पर्याय असतो, तो लावला की उलटं चित्र सुलटं होतं. कीस्टोन शून्यावर आणा, आपोआप होणारा बंद करा. चित्र टेपच्या चौकटीत बसतंय का बघा. चारही कोपऱ्यांतली बारीक अक्षरं एकाच वेळी स्वच्छ दिसतायत का, पूर्ण काळ्या चित्रात एखादा ठिपका पेटलेला राहतोय का, तासाभराने आवाज वाढतोय का, हे परत करायची मुदत संपण्याआधी तपासा.

सगळं जमलं की छतावर भोकांच्या खुणा करा, पण खुणेच्या आत वायरिंग किंवा पाइप नाही ना याची खात्री करून घ्या. फॉल्स सिलिंगच्या पातळ पत्र्यावर किंवा जिप्समवर वजन देऊ नका. स्क्रू वरच्या स्लॅबमध्ये किंवा लाकडी तुळईतच जायला हवेत. आणि केबलला प्रोजेक्टरपाशी हातभर ढील ठेवा, म्हणजे दिवा बदलायला किंवा फिल्टर पुसायला तो उतरवताना वायर ओढली जाणार नाही.